महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी बिनचूक कशी करावी

शरद पवार किती वेळा मुख्यमंत्री झाले? छापील पुस्तकांत या प्रश्नाला तीन आणि चार अशी दोन्ही उत्तरे सापडतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. १९७८, १९८८, १९९० आणि १९९३ अशा चार वेळा त्यांनी शपथ घेतली. मात्र १९८८ आणि १९९० यांच्या मध्ये खंड नाही. निवडणूक झाली आणि तेच पुन्हा पदावर आले. शपथा मोजल्या तर चार, सलग कारकिर्दी मोजल्या तर तीन.

शाळेतला फलक असो, स्पर्धा परीक्षेची वही असो की संस्थेची स्मरणिका, यादीत चुका शिरतात त्या इथूनच. काय मोजायचे ते ठरवण्याआधीच क्रमांक घातले जातात. मग एका यादीत सध्याचे मुख्यमंत्री अठरावे, दुसरीत विसावे, तिसरीत आणखी कितवे तरी, आणि वाचणारा गोंधळतो. म्हणून आधी पदाचे नियम पाहू, मग रकाने आखू आणि नावे सर्वांत शेवटी भरू.

पद सुरू कधी होते, संपते कधी

मुख्यमंत्र्याला मतदार थेट निवडत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतात आणि इतर मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमतात. पद हाती घेण्यापूर्वी पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा घ्याव्या लागतात. म्हणून कारकीर्द सुरू झाल्याची तारीख एकच, शपथविधीची. निकालाचा दिवस किंवा पक्षाने नेता निवडला तो दिवस तिथे लिहू नका. २०२४ साली निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि शपथ ५ डिसेंबरला झाली. बारा दिवसांचा फरक आहे, आणि त्या बारा दिवसांत राज्याला मुख्यमंत्री होते, ते एकनाथ शिंदे.

पदाला ठरलेली मुदत नसते. पाच वर्षे असतात ती विधानसभेची, तीही तिच्या पहिल्या बैठकीपासून. मुख्यमंत्री टिकतो तो सभागृहाचा विश्वास असेपर्यंत. म्हणून ‘मुदतीआधी पायउतार झाले’ असे लिहू नका. ‘विधानसभेची मुदत संपण्याआधी राजीनामा’ असे लिहा.

शेवटची तारीख अधिक फसवी असते. राजीनामा दिला की राज्यपाल सहसा पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगतात. यालाच आपण काळजीवाहू म्हणतो. हा शब्द संविधानात नाही, पण प्रथा पक्की आहे. त्यामुळे राजीनाम्याचा दिवस आणि पद सुटल्याचा दिवस वेगळे पडतात. देवेंद्र फडणवीस यांनी ८ नोव्हेंबर २०१९ ला राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरला लागली. कुठे ८ छापलेले दिसते, कुठे १२. उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ च्या रात्री राजीनामा जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे यांची शपथ झाली. अशा वेळी एक तारीख निवडून दुसरी खोडू नका, दोन्हींना जागा द्या.

रकाने

आडव्या कागदावर आठ रकाने पुरतात: सलग कारकिर्दीचा क्रमांक, पूर्ण नाव, शपथेची तारीख (मध्ये पुन्हा शपथ झाली असेल तर तीही याच चौकटीत), राजीनाम्याची तारीख, पद सुटल्याची तारीख, कितवी विधानसभा, शपथेच्या दिवशी कोणत्या सभागृहाचे सदस्य, आणि पद सुटण्याचे कारण. पक्षाचा रकाना हवा असल्यास त्यात शपथेच्या दिवशीचा पक्ष लिहा. पवारांचा १९७८ मधला पक्ष आणि १९८८ मधला पक्ष एक नाही. आज कोण कोणत्या पक्षात आहे, याचा त्या ओळीशी संबंध नसतो.

विधानसभेच्या क्रमांकात हमखास एकाची चूक होते. महाराष्ट्राची पहिली विधानसभा १९६२ साली निवडून आलेली नाही. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी निवडून आलेल्या सभागृहातले महाराष्ट्राच्या वाट्याचे सदस्य १९६० मध्ये पहिली विधानसभा ठरले. १९६२ ची दुसरी, १९६७ ची तिसरी, १९७२ ची चौथी, १९७८ ची पाचवी. १९७२ ते १९७८ हे अंतर सहा वर्षांचे आहे, कारण आणीबाणीच्या काळात विधानसभेची मुदत वाढली होती. पुढे १९८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, ०९, १४, १९ आणि २०२४. शेवटची पंधरावी यायला हवी. तुमचा आकडा चौदा येत असेल तर मोजणी १९६२ पासून सुरू झाली आहे.

यादी कुठून सुरू करायची

‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री’ असे शीर्षक असेल तर पहिली ओळ १ मे १९६० ची, यशवंतराव चव्हाणांची. ‘मुंबई प्रांत ते महाराष्ट्र’ अशी व्याप्ती ठेवायची असेल तर १९३७ गाठावे लागते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळे मिळाली. त्या काळी प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत. १९३७ ची निवडणूक काँग्रेसने जिंकली, पण सुरुवातीला सत्ता घ्यायला नकार दिला. म्हणून मुंबई प्रांतात एप्रिलपासून काही महिने धनजीशा कूपर यांचे अंतरिम मंत्रिमंडळ होते. यादीतून सर्वांत जास्त वेळा गळणारे नाव हेच. त्यांच्यानंतर जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर आले. महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले तेव्हा, १९३९ च्या नोव्हेंबरात, तेही गेले. तिथून १९४६ पर्यंत गव्हर्नरची राजवट. ही जागा कोरी सोडा, पण ‘मंत्रिमंडळ नाही’ असे लिहून. १९४६ ला खेर परतले ते १९५२ पर्यंत. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले, म्हणून खेरांची ही कारकीर्द दोन पदनामांत विभागली जाते, आधी पंतप्रधान आणि मग मुख्यमंत्री. १९५२ ते १९५६ मोरारजी देसाई. १ नोव्हेंबर १९५६ पासून सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण.

ही मालिका पुण्या-मुंबईच्या वाचकाला सरळ वाटते, पण नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या वाचकासाठी ती खरी नाही. खेर आणि मोरारजी विदर्भाचे मुख्यमंत्री कधीच नव्हते. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर. तिथे १९३७ मध्ये आधी ई. राघवेंद्र राव यांचे अंतरिम मंत्रिमंडळ, मग ना. भा. खरे, आणि १९३८ पासून रविशंकर शुक्ल. स्वातंत्र्यानंतर हा प्रांत मध्य प्रदेश राज्य झाला, तेव्हाही नागपूर हीच राजधानी आणि शुक्लच मुख्यमंत्री. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतरच्या हैदराबाद राज्यात १९५२ ते १९५६ बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री होते. म्हणून १९५६ पूर्वीची यादी प्रामाणिकपणे करायची तर ती एका ओळीत मावत नाही. तीन उभे स्तंभ आखा, मुंबई, नागपूर आणि हैदराबाद, आणि ते १ नोव्हेंबर १९५६ ला एकत्र आणा. जागा नसेल तर १ मे १९६० पासूनच सुरू करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळेत फक्त मुंबईचा स्तंभ लावणे म्हणजे तिथल्या मुलांना त्यांच्याच आजोबांच्या काळाचा चुकीचा इतिहास शिकवणे आहे.

नावे भरताना

शपथेच्या तारखा हा यादीचा कणा. त्या अशा:

यशवंतराव चव्हाण, १ मे १९६०. चीन युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.
मारोतराव कन्नमवार, २० नोव्हेंबर १९६२. पदावर असताना २४ नोव्हेंबर १९६३ ला निधन.
पी. के. सावंत, २५ नोव्हेंबर १९६३. हंगामी, ४ डिसेंबरपर्यंत.
वसंतराव नाईक, ५ डिसेंबर १९६३. १९६७ आणि १९७२ च्या निवडणुकांनंतरही तेच.
शंकरराव चव्हाण, २१ फेब्रुवारी १९७५.
वसंतदादा पाटील, १७ मे १९७७. मार्च १९७८ मध्ये फुटलेल्या काँग्रेसच्या दोन्ही पक्षांच्या आघाडीचे प्रमुख म्हणून पुन्हा.
शरद पवार, १८ जुलै १९७८.
राष्ट्रपती राजवट, १७ फेब्रुवारी १९८० पासून.
अ. र. अंतुले, ९ जून १९८०.
बाबासाहेब भोसले, २१ जानेवारी १९८२.
वसंतदादा पाटील, २ फेब्रुवारी १९८३.
शिवाजीराव पाटील-निलंगेकर, ३ जून १९८५.
शंकरराव चव्हाण, १२ मार्च १९८६.
शरद पवार, २६ जून १९८८.
सुधाकरराव नाईक, २५ जून १९९१.
शरद पवार, ६ मार्च १९९३.
मनोहर जोशी, १४ मार्च १९९५.
नारायण राणे, १ फेब्रुवारी १९९९.
विलासराव देशमुख, १८ ऑक्टोबर १९९९.
सुशीलकुमार शिंदे, १८ जानेवारी २००३.
विलासराव देशमुख, १ नोव्हेंबर २००४.
अशोक चव्हाण, ८ डिसेंबर २००८. २००९ च्या निवडणुकीनंतर पुन्हा.
पृथ्वीराज चव्हाण, ११ नोव्हेंबर २०१०.
राष्ट्रपती राजवट, २८ सप्टेंबर २०१४ पासून.
देवेंद्र फडणवीस, ३१ ऑक्टोबर २०१४.
राष्ट्रपती राजवट, १२ नोव्हेंबर २०१९ पासून.
देवेंद्र फडणवीस, २३ नोव्हेंबर २०१९.
उद्धव ठाकरे, २८ नोव्हेंबर २०१९.
एकनाथ शिंदे, ३० जून २०२२.
देवेंद्र फडणवीस, ५ डिसेंबर २०२४.

आडनावे धोक्याची आहेत. चव्हाण चार आहेत. त्यांपैकी शंकरराव आणि अशोक हे पितापुत्र, बाकी दोघांचा त्यांच्याशी संबंध नाही. नाईक दोन, काका-पुतणे. शिंदे दोन, नाते काही नाही. ‘वसंतराव’ एवढेच लिहिले तर आणखी घोटाळा होतो, कारण वसंतदादांचे नावही वसंतरावच. म्हणून प्रत्येक ओळीत पूर्ण नाव हवे. ‘चव्हाण (दुसरे)’ असली सोय करू नका.

पी. के. सावंतांना वगळण्याचा मोह होतो. कन्नमवार गेले आणि नवा नेता निवडला जाईपर्यंत त्यांनी कारभार पाहिला, जेमतेम दहा दिवस. पण त्या दहा दिवसांत राज्याच्या कारभाराचे प्रमुख तेच होते. त्यांना ओळ द्या आणि कारणाच्या रकान्यात ‘हंगामी’ लिहा. काही याद्या त्यांना क्रमांक देत नाहीत, आणि ‘कितवे’ या प्रश्नावर पुस्तकापुस्तकांत एकाचा फरक पडतो तो बहुतेक इथेच.

२०१९ च्या नोव्हेंबरची फडणवीसांची ओळही अशीच गाळली जाते. २३ तारखेला सकाळी शपथ झाली. सर्वोच्च न्यायालयाने २७ तारखेपर्यंत बहुमत सिद्ध करायला सांगितले. २६ ला राजीनामा आला. काळ कितीही छोटा असला तरी शपथ झाली म्हणजे कारकीर्द झाली. मध्ये राष्ट्रपती राजवट येऊन गेली, म्हणून ती २०१४ च्या कारकिर्दीला जोडताही येत नाही.

सदस्यत्वाचा रकाना

हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो, आणि तो नसल्याने पदाचा एक महत्त्वाचा नियम वाचकाला कळत नाही. मुख्यमंत्री शपथ घेताना आमदार असलाच पाहिजे असे नाही. अनुच्छेद १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत त्याने विधानसभेचे किंवा विधानपरिषदेचे सदस्य व्हायला हवे, नाही तर पद जाते. ही मुदत एकदाच मिळते. निवडून न येता राजीनामा द्यायचा, पुन्हा शपथ घ्यायची आणि आणखी सहा महिने मिळवायचे, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पंजाबमधल्या एका मंत्र्याच्या प्रकरणात बंद केला.

महाराष्ट्रातले ताजे उदाहरण उद्धव ठाकरे यांचे. शपथ २८ नोव्हेंबर २०१९, म्हणजे मुदत मे २०२० च्या अखेरीस संपणार. मध्येच करोनाची साथ आली आणि परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली. राज्यपालनियुक्त जागेवर नेमणूक करावी अशी मंत्रिमंडळाने शिफारस केली, पण ती झाली नाही. अखेर निवडणूक आयोगाने निवडणूक घेतली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले. मुदतीला दोन आठवडे उरले होते. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये राज्यसभेवर होते. तेही मुख्यमंत्री झाल्यावर विधानपरिषदेत आले.

मंत्रिमंडळाचा आकडा आणि उपमुख्यमंत्री

मंत्र्यांची संख्या देणार असाल तर गणित स्वतः करून पाहा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपुरते बांधले आहे. त्यात मुख्यमंत्री आणि राज्यमंत्रीही धरायचे. २८८ चे १५ टक्के ४३.२, अपूर्णांक सोडायचा, मर्यादा ४३. विधानपरिषदेचे ७८ सदस्य या हिशेबात घेऊन ५४ असा आकडा काढलेला दिसतो, तो चुकीचा. लहान राज्यांसाठी किमान १२ ची मुभा आहे. गोव्यात ४० आमदार, १५ टक्के सहाच येतात, पण मंत्रिमंडळ बारा जणांचे चालते. २००४ पूर्वीच्या मंत्रिमंडळांना ही फुटपट्टी लावू नका.

उपमुख्यमंत्र्याचे पद संविधानात नाही. महाराष्ट्रात ते १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे यांच्यापासून सुरू झाले. कायद्याच्या नजरेत उपमुख्यमंत्री हा मंत्रीच, आणि मुख्यमंत्री गेला तर ते पद आपोआप त्याच्याकडे येत नाही. त्यांची यादी वेगळ्या पानावर करा.

कामगिरी लिहायची असेल तर

इथे सर्वांत जास्त अन्याय होतो, म्हणून थोडे थांबून. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते. सरकारची कृती राज्यपालांच्या नावाने होते, निर्णय मंत्रिमंडळाचा असतो आणि जबाबदारी सामुदायिक. मुख्यमंत्री बैठकीचा अध्यक्ष असतो, खातेवाटप ठरवतो, आणि अनुच्छेद १६७ प्रमाणे मंत्रिमंडळाचे निर्णय व कारभाराची माहिती राज्यपालांना कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे. एखादे काम एका मुख्यमंत्र्याच्या नावावर टाकण्याआधी चार तारखा शोधा: निर्णय, कायदा, अंमल आणि पूर्तता.

रोजगार हमी योजना घ्या. कल्पना वि. स. पागे यांची, जे तेव्हा विधानपरिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक. कायद्यावर साल १९७७ चे. कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, पवारांच्या काळात. कोणाही एकाच्या नावापुढे ‘रोहयो सुरू केली’ लिहिले की बाकीच्यांचे काम पुसले जाते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. दोन्ही वेळी मुख्यमंत्री पवार, पण मधली साडेपंधरा वर्षे, त्या काळातला हिंसाचार आणि लाँग मार्च वगळून फक्त ‘नामांतर केले’ असे लिहिणे हा आंबेडकरी चळवळीवर अन्याय आहे. उलट जिल्हा परिषदांचे उदाहरण सरळ: कायदा १९६१ चा, जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १ मे १९६२ पासून, आणि दोन्ही वेळी यशवंतरावच.

न्यायालयाचा निकाल असेल तिथे निकालाची तारीख कारकिर्दीच्या तारखांत मिसळू नका. २०२२ च्या सत्तांतराबाबत घटनापीठाने ११ मे २०२३ ला निकाल दिला. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता असे त्यात म्हटले, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा पदावर आणता येत नाही, असेही म्हटले. यादीतली ओळ त्यामुळे बदलत नाही. टीप मात्र जरूर द्या.

गोव्याची यादी सोबत करायची असेल तर फक्त एक फरक ध्यानात ठेवा. ३० मे १९८७ ला राज्य होण्याआधी गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश होता, पण मुख्यमंत्री तेव्हाही होते. पहिले दयानंद बांदोडकर १९६३ पासून. १९७३ मध्ये ते पदावर असतानाच वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत अद्याप एकाही स्त्रीचे नाव नाही.

ताळा

यादी पुरी झाली की तीन आकडे तपासा. ५ डिसेंबर २०२४ च्या शपथविधीपर्यंत सलग कारकिर्दी २७ यायला हव्यात आणि व्यक्ती २०. फरक सातचा. तो असा जुळतो: पवार आणि फडणवीस प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे जास्तीच्या चार, वसंतदादा, शंकरराव आणि विलासराव प्रत्येकी दोनदा, म्हणजे जास्तीच्या तीन. २६ आणि १९ आले तर सावंत राहिले आहेत. २६ आणि २० आले तर बहुधा २०१९ ची छोटी कारकीर्द राहिली आहे. राष्ट्रपती राजवटीच्या ओळी तीन हव्यात, आणि त्यांना क्रमांक नको.

मग प्रत्येक ओळीचा शेवट खालच्या ओळीच्या सुरुवातीला भिडतो का ते बोट ठेवून पाहा. एक-दोन दिवसांची फट असेल तर ती राजीनामा आणि शपथ यांमधली असते, चौथा आणि पाचवा रकाना ती सांगतो. त्याहून मोठी फट उरली आणि तिथे राष्ट्रपती राजवटही नसेल, तर तारीख उतरवताना चूक झाली आहे. त्या दिवसांचे राजपत्र किंवा विधिमंडळाची नोंद काढून पाहा. पुढचा शपथविधी होईल तेव्हा त्याच दिवशी फक्त नाव, तारीख आणि सदस्यत्व भरा. उरलेले रकाने पेन्सिलीनेही भरू नका.